करवीरांतील खाणें-पिणें

अंबाबाईचें दर्शन आटोपून आम्ही करवीरांत उपाहाराच्या शोधार्थ निघालों. तांबडा-पांढरा रस्सा आम्हां शाकाहाऱ्यांच्या कामाचा नव्हे. सारी भिस्त मिसळीवर! येथें तिच्यासवें ब्रेडचे स्लाइस येतात, आणि कटाचा झणका तर डोळ्यांतून वाहूं लागतो. गंगावेशींतील म्हशीच्या धारोष्ण दुधानें तो दाह शमला.

पुढें भाऊसिंगजी रस्त्यावर चहा घेतला. अस्पृश्य गणलेल्या गंगाराम कांबळ्यांनीं याच रस्त्यावर चहाचें दुकान काढलें, तेव्हां गिऱ्हाईक फिरकेना; म्हणून शाहू महाराज (मृत्यु १९२२) स्वतः लवाजम्यासह तेथें चहा घेत. आमचे पणजोबा त्या काळीं याच शहरांत होते. त्यांनीं तो चहा घेतला असता काय, असें आम्ही आत्याबाईंस विचारलें.

“नसता,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ कपाकडे पाहत राहिल्या.