खिळा आणि सुई

माउली, चाळीस वर्षे मी कीर्तनातून लोहचुंबकाचा दृष्टांत दिला. संत म्हणजे चुंबक, जीव म्हणजे लोखंड. एकदा स्पर्श झाला की लोखंडाचाही चुंबक होतो, तो कायमचा. टाळकरी माना डोलवायचे. मला कधी शंका आली नाही. घरात साधा चुंबकसुद्धा नव्हता म्हणा!

शंका निघाली तोरणमाळला. सातपुड्याच्या त्या पठारावर गोरखनाथांचे स्थान आहे. आपला धागा त्यांच्याकडूनच गहिनीनाथ, निवृत्तिनाथ असा ज्ञानोबारायांपर्यंत येतो, म्हणून महाशिवरात्रीच्या यात्रेत तिथे सेवा मिळाली याचे मला फार अप्रूप. कीर्तन आटोपल्यावर आश्रमशाळेतले एक गुरुजी हळूच म्हणाले, "महाराज, दृष्टांत गोड आहे, पण अर्धा आहे."

सकाळी त्यांनी दाखवलेच. साधा खिळा चुंबकाला लावला, त्याला टाचण्या चिकटल्या. चुंबक काढला, टाचण्या गळल्या. मऊ लोखंडाला सोबत आहे तोवरच ओढ. मग पोलादी सुईवर चुंबक एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवला. ती मात्र चुंबकाशिवायही टाचणी उचलू लागली. गुरुजी म्हणाले, शक्ती बाहेरून घातलेली नाही. लोखंडात अतिसूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येक मुळातच चुंबक. पण तोंडे दहा दिशांना, म्हणून एकमेकांचा जोर मारतात. घासल्याने ती एकीकडे वळतात. (दिंडी लागण्याआधीचा आणि नंतरचा जमाव आठवा.) पोलादात ती वळलेली राहतात. पुढे त्यांनी तीच सुई चुलीत लालभडक केली. निवल्यावर तिच्याने टाचणी हललीसुद्धा नाही. लोखंडाची ही गत सुमारे 770 अंश सेल्सियसला होते. हातोडीच्या घावांनीही शक्ती उतरते.

मग कड्याकडे गेलो. तो काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. लाव्हा निवत 580 अंशांच्या खाली आला, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकाची त्या वेळची दिशा त्या कणांनी धरली. दख्खनच्या कित्येक थरांत ती आजच्या उलटी सापडते, कारण त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. सुईने आगीत घालवले, ते दगडाने आगीतून निवताना मिळवले! एका खडकाशी होकायंत्र नेले तर काटा भरकटला. इथे वीज पडली असेल, गुरुजी म्हणाले; वीज दगडाची जुनी दिशा पुसून नवी देते.

मी स्वतःला सुई समजत होतो, माउली. दोन वर्षांत गुडघ्यांनी वारी सोडवली. पहिल्याच आषाढीला घरी बसलो आणि लहानपणापासूनचा हरिपाठ चुकला. त्या महिन्यात तीनदा चुकला. तेव्हा तो खिळा आठवला.

आता संध्याकाळी शेजारची चार पोरे टाळ घेऊन येतात. त्यांना वाटते, महाराज आपल्याला शिकवतात. त्यांना उशीर झाला की मी दाराकडे बघत बसतो.