विश्रामबागेतील कचेरी

शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईच्याची गढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी पुण्यास गेल्यावर विश्रामबागवाडाही अवश्य पाहावा. दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून १८०७ च्या सुमारास हा वाडा केवळ आपल्या विसाव्यासाठी बांधविला. दर्शनी भागावरील नक्षीदार मेघडंबरी आणि सुरूच्या घाटाचे लाकडी खांब आजही नजर खिळवून ठेवतात. परंतु १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेशही इंग्रजांकडे गेला आणि विसावा संपला. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत होरपळलेला वाडा पुन्हा उभारला गेला. पुढे १९५९ पर्यंत सुमारे तीन दशके पुण्याच्या नगरपालिकेचा आणि नंतर महापालिकेचा कारभार येथूनच चालला. श्रीमंतांच्या विलासवाड्यात नागरिक आपली गाऱ्हाणी घेऊन जिना चढू लागले!

दप्तरांच्या गठ्ठ्यांनी नक्षीकामाची शोभा उणावली असेलही. तथापि सतत वापर राहिला म्हणूनच वाडा तगला, असे म्हणावे लागते. जवळच्या शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. इकडे खानदेशात ओस पडलेल्या कित्येक गढ्यांची पांढरी माती दर पावसाळ्यात ओढ्याला मिळत आहे.