नाक वाळलं!

वाळलं! टिचकी मारली तर टक् वाजतं! परवा रात्री तो मिक्सरमधून काढलेला राखाडी, गिळगिळीत गोळा होता आणि आज सकाळी चक्क खणखणीत नाक! आणि हे मी केलं. मी! जिचा मोर बघून शाळेत बाई म्हणाल्या होत्या, "अननस छान जमलाय हं!"

झालं असं, की लेकीने सुट्टीत बाहुलीचं डोकं करायला फुगा फुगवला, त्यावर कागदाचे दोन तुकडे चिकटवले आणि मैत्रिणीचा फोन आला. संपलं! चार दिवस तो फुगा टीव्हीच्या बाजूला पडून. म्हटलं, टाकूनच देऊ, पण आधी एक तुकडा लावून तर बघू. एकच! आणि मग दुसरा लावला आणि मग तिसरा आणि मग खळ संपली म्हणून वाटीभर मैदा गार पाण्यात कालवून चार वाट्या पाण्यात शिजवला आणि मग घड्याळ बघते तर साडेअकरा आणि आमटीचा कोळसा!

आता ऐका, हे फार भारी आहे. पेपर कापायचा नाही, फाडायचा! कापलेली कड वाळल्यावर उठून दिसते. फाडलेल्या कडेला बारीक लव असते आणि ती शेजारच्या लवेत गुंतते. आणि त्याहून भारी म्हणजे पेपर एका बाजूने सरळ फाटतो, पट्टी लावल्यासारखा, आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा! कारखान्यात कागदाचे तंतू एकाच दिशेला बसतात म्हणून! ४६ वर्षांची घोडी मी, रोज सकाळी पेपर लागतो, आणि हे माहीत नाही! आत्ता फाडा एक. मी थांबते. फाटला ना?

आणि रद्दी विकू नका! गुलाबी अर्थविषयक पेपर असेल तर तो जपून ठेवा, कारण एक थर साध्या पेपरचा आणि एक गुलाबी, असं केलं की कुठे लावायचं राहिलंय ते लगेच दिसतं. पाच थर!

पहिलं डोकं मात्र गेलं. लवकर वाळावं म्हणून गच्चीत उन्हात ठेवण्याचा शहाणपणा केला. दुपारी फुगा तापून तट्ट फुगला आणि संध्याकाळी आकसला तो ओला कागद घेऊनच. गालाला एवढा खड्डा! मग दुसरं केलं, सावलीत, पंख्याखाली, दिवसाला दोनच थर. मी आणि दम धरणं! घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

मग नाकाची वेळ आली. त्याला लगदा लागतो. फुशारकी मारायला आईला फोन केला आणि लगदा म्हणजे काय ते तिला समजावून सांगायला लागले. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "मेथ्या घातल्यास का?"

मेथ्या?!

तर म्हणे आजी रद्दी भिजवायची, मेथ्यांबरोबर वाटायची आणि त्या लगद्याने बांबूच्या टोपल्या, सुपं लिंपायची. मेथ्यांनी चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही! "तुझी भातुकली त्याच टोपलीत असायची," आई म्हणाली. घ्या! आणि मी आठवडाभर नवा शोध लावल्यासारखी नाचतेय! तेव्हा बंडोपंतांच्या (म्हणजे माझ्या बाहुल्याच्या) नाकात मेथ्या आहेत. जवळ गेलं की लाडवाचा वास येतो. नाकाला वास, विचार करा!

मान म्हणजे पुठ्ठ्याची नळी, तर्जनी जाईल एवढी. अंगरखा म्हणजे नवऱ्याच्या जुन्या झब्ब्याची बाही (त्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका). अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात. घातलं. तर्जनी जराशी वाकवली. आणि त्याने माझ्याकडे बघितलं! डोळे रंगवायचेत अजून! नुसते दोन खड्डे, पण मान तिरकी झाली आणि बघितलं! मी घाबरून "काय हो?" म्हटलं. अहो-जाहो, पेपरच्या रद्दीला!

मला यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. पिंगुळीचे ठाकर लाकडी कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर नाचवतात, त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री आहे. माझ्याकडे एक तर्जनी. पण हाव सुटते हो! म्हटलं, रामदास पाध्यांसारखं ओठ न हलवता बोलूया. आरशासमोर उभी राहिले, "मी बंडोपंत" म्हणायला गेले आणि ओठ तीनदा मिटले! प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येतच नाहीत, आणि मी नाव काय ठेवलं? ब-पासून सुरू, वर मध्ये प! मग सुचलं, पाध्यांचा तो प्रसिद्ध बाहुला, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, त्याचं नाव काय? अर्धवटराव! म्हणून बघा. प-फ-ब-भ-म एकही नाही! मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत धावत जाऊन हे सांगितलं. कुणी मान वर केली नाही.

नाव आता बदलणार नाही. त्यांना ते आवडलंय.

खालून आरोळी येतेय, "रद्दीऽऽऽ पेपऽऽऽर!" थांबा. बंडोपंत खिडकीत गेलेत. ग्रिलमधून नाक बाहेर काढलंय, मान दोनदा हलवलीय आणि ठणकावून सांगितलंय, "नाही!"

ओठ न हलवता! 'नाही'ला ओठ लागतच नाहीत!