लांब पाठीची गाडी

आपल्याकडे गाडीची चौकशी दोन प्रश्नांत आटपते. पहिला, ‘ॲव्हरेज किती?’ आणि दुसरा, ‘विकायला काढली तर किती येतील?’ घरात माणसं किती, म्हातारं कोण आहे, गावाहून येताना बरोबर काय काय येतं, हे विचारायची पद्धत नाही. स्टेशन वॅगन या परीक्षेत कायम नापास होत आली. पुढून साधी कार, पण डिकीच्या जागी छतापर्यंत मोकळी जागा आणि वर उघडणारं मागचं दार. बसायला कारइतकी सोपी, सामानाला टेम्पोइतकी सोयीची. मला तिचा नाद शाळेत असताना लागला आणि चाळिशीत ती घरी आली, तीही वापरलेली आणि अगदी स्वस्तात. लोक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, हीच माझ्या पथ्यावर पडलेली गोष्ट.

माझं बालपण खडकवासल्यात, सीडब्ल्यूपीआरएसच्या वसाहतीत गेलं. १९१६ साली सुरू झालेली ही केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था म्हणजे आम्हा मुलांना जादूचं अंगण वाटायची. देशातली बंदरं, धरणं, नद्या तिथं लहान मापात बांधतात, त्यांत पाणी सोडतात आणि खऱ्या जागी काय होईल ते आधी इथं बघून घेतात. वडील या मॉडेलांवर कामाला होते. दिवसभर खाडी आणि धक्के मापात बसवायचे, त्यामुळे संध्याकाळी घरी आले तरी मोजायचा टेप खिशातच असे. कपाट घ्यायचं असो की आजीची खाट हलवायची असो, आधी टेप निघायचा.

टाटांच्या टेल्कोनं १९९१ मध्ये सिएरा आणली आणि पुढच्या वर्षी इस्टेट. पुण्यात तेव्हा याचं कोण कौतुक! ट्रक बनवणारी आपल्या गावची कंपनी आता कारसारखी दिसणारी गाडी काढते आहे, हे लोक एकमेकांना घरचं कार्य असल्यासारखं सांगत. वसाहतीत येणाऱ्या एका ठेकेदारानं इस्टेट घेतली. वडिलांनी ड्रायव्हरला विचारून मागचं दार उघडायला लावलं, मागची सीट पाडायला लावली आणि टेप काढला. लांबी, रुंदी, चाकांवरच्या उंचवट्यांमधलं अंतर, सगळं मोजून झालं. मग आईला म्हणाले, “यात दोन गाद्या वळकटी न करता आडव्या जातील.” आई म्हणाली, “गाद्या फिरवायला एवढी गाडी घ्यायची?” विषय तिथंच संपला. आमच्या दारात बजाजची स्कूटर होती आणि सुट्टीत गावी जाताना वळकट्या एसटीच्या टपावर चढत होत्या.

इस्टेट काही चालली नाही. तिच्यात १९४८ सीसीचं, प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन होतं. तेच इंजिन घेऊन १९९४ मध्ये सुमो आली आणि तिच्यात दहा माणसं बसायला लागली. सुमो हे नाव जपानी पैलवानावरून नाही, टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून आलं. पुण्याचा कारखाना उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शन, वडाप, सगळं सुमोनं उचललं. तेवढ्याच यंत्रावर दुप्पट माणसं नेणारी गाडी समोर असताना गाद्या आडव्या नेणारी कोण घेणार?

दिसण्याचाही अडसर होताच. डिकी वेगळी बाहेर निघालेली दिसली की गाडी मोठ्या माणसाची. छत शेवटपर्यंत सरळ गेलं की ‘ॲम्ब्युलन्ससारखी दिसते’ म्हणून लोक मोकळे. तरी कंपन्या नशीब आजमावत राहिल्या. मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकएंड, ओपलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्या आल्या आणि गेल्या. २००४ मध्ये टाटांनी इंडिगोची पाठ लांबवून मरीना काढली. ती जरा रुळते आहे तोवर २००६ चा अर्थसंकल्प आला. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. मरीनाचं डिझेल इंजिन त्या मर्यादेत बसत होतं, लांबी बसत नव्हती. २००८ मध्ये कंपनीनं त्याच इंडिगोची शेपूट छाटून चार मीटरच्या आत बसणारी इंडिगो सीएस आणली आणि ती जोरात खपली. एकाच घरातल्या दोन बहिणी. जिची पाठ कापली ती सासरी नांदली, जिची वाढवली ती जुन्या बाजारात स्वस्तात पडून राहिली.

मी बाजारात उतरलो तो आईच्या गुडघ्यांमुळे. वडील गेल्यानंतर ती आमच्याकडे, खडकवासला गावाच्या अंगाला राहायला आली. शहरात दवाखान्यात न्यायचं तर व्हीलचेअर बरोबर हवी. घरातल्या लहान गाडीत खुर्ची घडी करून, तिची चाकं काढून, मागच्या सीटवर तिरपी कोंबावी लागे आणि मग दुसऱ्या कोणाला बसायला जागा उरत नसे. मित्रांनी एकमुखानं एसयूव्ही सुचवल्या. आईला दोनतीन गाड्यांत बसवून बघितलं. पायरी उंच, वरच्या हँडलला लोंबकळून चढायचं, उतरताना तर दोघांनी धरायचं. कमी उंचीची सीट आणि मागं भरपूर जागा एकत्र कशात मिळते, हे मला इस्टेटच्या दिवसांपासून ठाऊक होतं. फक्त नवी वॅगन परवडेल अशी कोणी बनवत नव्हतं. म्हणून जुनी शोधायची ठरवली.

धायरी फाट्याजवळ आमचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना मी मामा म्हणतो. त्यांना मरीना म्हटल्यावर ते हसले नाहीत, याचंच मला बरं वाटलं. म्हणाले, “सर, रिलायबल म्हणजे न बिघडणारी गाडी नव्हे. बिघडली तर संध्याकाळपर्यंत रस्त्यावर येणारी. हिचं इंजिन इंडिकाचं, सामान इंडिकाचं. पुण्यात इंडिकाचा पार्ट मिळाला नाही, असं झालंय का कधी?” दहा-बारा वर्षांच्या परदेशी वॅगनचा मागचा दिवा फुटला तर महिनाभर वाट बघावी लागते. मरीनाचे बहुतेक सुटे भाग टॅक्सी म्हणून देशभर धावलेल्या इंडिकाचेच. जुनी गाडी घेताना कंपनीच्या नावापेक्षा हा हिशेब कामाचा.

ते २०१९ चं वर्ष होतं. २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला, त्यात पुण्यात किती गाड्या एकमेकींवर चढल्या ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून हिवाळ्यात बाजारात येणार हे मामांना पक्कं ठाऊक होतं. धरणाशेजारी राहणाऱ्याला पाण्याची चाल वेगळी सांगावी लागत नाही. २०२४ च्या जुलैत इथून पस्तीस हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, तेव्हाही मामांकडे पहिली रांग लागली ती पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांची.

जाहिराती सगळ्या एकाच वळणाच्या. ‘सिंगल ओनर, डॉक्टर युज्ड, टचिंग नाही.’ पुण्यातल्या डॉक्टरांनी एवढ्या गाड्या वापरल्या असतील तर दवाखाने उघडायला त्यांना वेळ कधी मिळाला, असं मला वाटून गेलं. काही मरीना दिल्लीच्या होत्या आणि भलत्याच स्वस्त. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितल्या, तेव्हापासून तिथल्या गाड्या इकडे येत होत्या. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरणं. स्वस्ताई तिथंच संपते. मला एमएच-१२ किंवा एमएच-१४ चीच हवी होती.

पौड रस्त्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडे २००७ ची डिझेल मरीना होती. सकाळी येतो असं कळवलं तेव्हा मामांनी बजावलं, “गाडी थंडच ठेवा म्हणावं. ‘स्टार्ट करून गरम ठेवतो’ म्हणाले तर जायचंच नाही.” गृहस्थांनी गाडीला हातही लावला नव्हता. मामांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मग डिपस्टिक काढून ऑइल बोटांत चोळलं. ऑइलची कॅप उघडून आतून पाहिली. दुधाळ चिकट काही असतं तर पाणी मिसळत होतं असा अर्थ. इंजिन सुरू केल्यावर तीच कॅप उलटी करून भोकावर नुसती ठेवली. ती थरथरली, पण उडाली नाही. “बॅक कॉम्प्रेशन नाही,” मामा म्हणाले. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, ॲक्सिलरेटर दाबायला लावला, काजळी बघितली आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

नंतर ते मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. गाडी कितीही धुतली तरी बेल्टचा शेवटचा हातभर भाग आतच राहतो. पुराची गाडी असेल तर तिथं गाळाची रेघ सापडते. पट्टा जुना होता, पण कोरडा आणि एकरंगी. सीटच्या रुळांवर गंज नव्हता. दारांचे बोल्ट बघितले. पान्याचे ओरखडे असले की दार कधीतरी काढलेलं असतं. उजव्या मागच्या दाराचे तसे होते. गृहस्थ आपण होऊन म्हणाले, “सोसायटीच्या खांबाला घासली होती, बिल दाखवतो.” फाइल निघाली. टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याची पावतीही तिच्यात होती. या इंजिनात तो बेल्ट तुटला तर वॉल्व्ह वाकतात आणि लाखाच्या आतल्या गाडीला तो खर्च म्हणजे मरणच. मामांनी पावतीवरची तारीख वाचली, माझ्याकडे पाहून मान हलवली. मला वाटतं त्या क्षणी आम्ही गाडीपेक्षा ती फाइल ठेवणारा माणूस निवडला.

शेवटची परीक्षा माझी होती. व्हीलचेअर मी बरोबर नेली होती. मागचं दार वर उचललं, सीट पाडली आणि खुर्ची घडी न करता आत सरकवली. वर काचेला चार बोटं जागा उरली. गृहस्थांच्या पत्नी दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंसाठीच घेतली होती ही.” घासाघीस मग मला फारशी जमली नाही.

कागदांचं काम मात्र रेंगाळू दिलं नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचं कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी आरसी बुकावर बोजा तसाच असल्यामुळे फॉर्म ३५, इन्शुरन्स नावावर, आणि जुनी चलनं बाकी नाहीत ना याची खात्री. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांच्या नावावरच्या गाड्या दुसऱ्यानं ठोकलेल्या मी बघितल्या आहेत.

तिचे दोष आहेतच. डिझेलचा खडखडाट गप्पा मारू देत नाही. मे महिन्यात एसी नुसती वाऱ्याची झुळूक देतो. सिंहगडाच्या घाटात पहिल्या गिअरशिवाय काही वळणं सुटत नाहीत आणि रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसांच्या गाड्यांपाशी वाहतूक अडकली की क्लच धरून पाय भरून येतो. पण मागचं सस्पेन्शन खड्डे गिळतं, आणि आई पुढच्या सीटवर पाठ टेकून आधी बसते, मग पाय आत घेते, कोणाच्या हाताशिवाय. २०२२ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून, ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केली. तिला विकायला बाजारात आता किंमतच नाही, त्यामुळे ओरखडा पडला तरी काळीज हलत नाही. घरातली एवढी निर्धास्त वस्तू दुसरी नाही.

भाच्याला आता गाडी घ्यायची आहे. चार आकडे, सहा एअरबॅग, छतातली काच, सगळं त्यानं फोनवर मांडून ठेवलंय. मी एवढंच म्हटलं की बघायला जाताना आजीला ने. गेल्या आठवड्यात तो तिला एका झगझगीत एसयूव्हीसमोर घेऊन गेला. आजीनं पायरी पाहिली, सेल्समनकडे पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे हो. तुम्ही सगळे यातून या, मी रिक्षानं पुढे होते.” भाच्यानं बुकिंग अजून केलेलं नाही.