खिडकीतलं ऊन

आमच्या वऱ्हाडात उन्हाळा येत नाही, अंगावर चालून येतो. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात पारा 45 च्या वर गेला, तेव्हा प्रशासनाने 31 मेपर्यंत चक्क 144 कलम लावलं होतं! अशा अकोल्यात वाढलेला मी, अमरावतीच्या होस्टेलवर आलो आणि उन्हाकडूनच मार खाल्ला.

माझी रूम पश्चिमेची. टेबल खिडकीला लागून, कारण प्लग तिथेच. बाबांनी कापूस विकून घेऊन दिलेला लॅपटॉप मी रोज चार्जिंगला लावून कॉलेजला जायचो. दुपारी दोनपासून ऊन सरळ त्याच्यावर. एप्रिल असाच गेला. एक दिवस बघतो तर टचपॅड वर आलेला, झाकण लागेना. रूम पार्टनर म्हणाला, "काबे, हा त गर्भार हाय!" सगळे हसले. मी मात्र रडायच्या बेतात होतो.

दुकानदाराने सांगितलं, "बॅटरी फुगली. दाबू नको, चार्जिंगला तर लावूच नको." लिथियमची बॅटरी पूर्ण चार्ज असताना तापत राहिली, की आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. पण माझ्याच टेबलावर तोच प्रयोग चालू आहे, हे मला दिसलं नाही.

बाबांना फोन करायला दोन दिवस हिंमत झाली नाही. शेवटी केला. ते थोडं थांबून म्हणाले, "जाऊ दे बापू, वस्तूच हाय. तुले त काई झालं नाई ना?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सुट्टीत घरी गेलो. आजी नेहमीप्रमाणे खिडकीच्या बाहेरून ओलं गोणपाट बांधत होती. आतल्या भिंतीशी आमचा टीव्ही. लहानपणी मी तिला हसायचो. या वेळी विचारलं, "आजी, आतून पडदा लावला तं नाई चालत?"

"ऊन घरात घेतल्यावर पडदा लावून काय फायदा?"

अख्खं हीट ट्रान्सफर एका वाक्यात! काचेतून ऊन आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडवलं तर प्रश्नच मिटला.

आता माझं टेबल आतल्या भिंतीला आहे. मोबाईल खिडकीत चार्ज करत नाही. बॅटरी बदलायला साडेतीन हजार लागले, ते मेस सांभाळून मीच भरले.

तेव्हा मित्रहो, पश्चिमेची रूम मिळाली असेल तर आज एवढंच करा. टेबल सरकवा. तुमच्याही लॅपटॉपमध्ये कुणाचा तरी कापूस आहे.