लेकराच्या पायाने कान्हेरी

परवा अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा डोंगर चढले. "एवढ्या लहान पोरीला काय कळणार?" आई म्हणाली. माझ्या आजीने डोंगर पाहिला तो डोक्यावर सरपणाची मोळी घेऊनच. हौसेने डोंगर चढणारी आमच्या घरातली ही पहिलीच पिढी.

लेकरू चालतं मुंगीच्या पावलांनी. दगडात कोरलेली एकेक पायरी ती हात टेकवत चढली. शंभरावर लेण्यांपैकी आम्ही चारच पाहिली. तिला आवडली ती विहाराशेजारची पाण्याची टाकी. पावसाचं पाणी भिक्खूंसाठी साठवायला कोरलेली; शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या, उपासिकांच्या दानाच्या नोंदीही आहेत. तळ्याच्या घोटभर पाण्यासाठी १९२७ साली ज्या समाजाला महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याच्या लेकीला हे दाखवायलाच हवं.

तिसऱ्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तीपुढे एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं." मी म्हटलं, "दादा, शतकानुशतकं कारागीर इथं खपलेत. दान कुणी दिलं तेही दगडावर लिहिलंय." ते हसून पुढे गेले. मुलगा मात्र मागे वळून बघत राहिला.

मित्रांनो, मुद्दा हाच आहे. पोरं मोठी झाल्यावर इतिहास शिकवू म्हणून आपण थांबतो. तोवर दुसराच कुणी गोष्ट सांगून जातो. टोपी घाला, पाणी घ्या, दोन तास जास्तीचे ठेवा, दमलं की कडेवर घ्या. पण न्या.

जयभीम!