डाव्या चाकाखालचा डाग

आमच्या अंगणातल्या कोब्यावर एक काळा डाग आहे. डाव्या मागच्या चाकाच्या बरोबर खाली, तळहाताएवढा. राख टाकून पाहिली, डिझेलनं घासला, धुण्याचा सोडा चोळला. फिकट झाला, गेला नाही. पिकअपच्या अ‍ॅक्सलमधून गळणारं नव्वद नंबरचं तेल एकदा मुरलं की मुरलं. त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. दोन हंगाम तो वास माझ्या हातांना होता, जेवतानासुद्धा.

गळतीशी माझी ओळख मात्र त्याच्या कितीतरी आधीची. आठवीत होतो, तेव्हा आबांनी विहिरीवरची ५ एचपीची मोटर माझ्यावर सोपवली. पंपाच्या ग्लँडमधून सारखं पाणी ठिबकायचं. मला ते बघवेना. एका दुपारी पाना घेतला आणि ग्लँडचे दोन्ही नट गच्च आवळून टाकले. ठिबक थांबली. मी खूश. थोड्याच वेळात जळकट वास सुटला. आबांनी मोटर बंद करून पंप खोलला. ग्लँडमधली जळालेली दोरी काढली, माझं बोट धरलं आणि शाफ्टवरून फिरवलं. दोरी घासत होती तिथं नख अडेल अशी खाच पडली होती. "सेकंदाला एक थेंब पडू द्यायचा असतो. त्या पाण्यानंच शाफ्ट गार राहतो," एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढं मी नारायणगावच्या बाजारातून वाशीला टोमॅटो न्यायला लागलो. वीस किलोचे सत्तर क्रेट, रात्री निघायचं, ओतूरवरून माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत पहाटेआधी मार्केटात. एका रात्री घाटात ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडं, समोरून येणाऱ्या ट्रककडं ओढली गेली. थोडीशीच, पण ती ओढ पोटात जाणवली. सकाळी पाहिलं तर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेलाचा ओघळ. ड्रम खोलला तर लायनर चिंब. तेल प्यायलेला लायनर धुऊन उपयोग नसतो, तो बदलावाच लागतो. सील बदललं, लायनर बदलले. महिन्याभरात पुन्हा तोच ओघळ.

दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी चाक वर उचलून हलवलं. बेअरिंगला खेळ होता. शाफ्ट डोलत असला तर सीलचा रबरी ओठ त्याला धरून राहणार कसा? नवं बेअरिंग, नवं सील. सहा आठवडे बरे गेले. तिसऱ्या वेळी अ‍ॅक्सल उपसून बाकावर ठेवला आणि मी न सांगता त्यावर नख फिरवलं. अडलं. तीच खाच! सीलच्या आत बारीक स्प्रिंगची कडी असते, ती ओठाला शाफ्टवर दाबून धरते. धूळ शिरली की तोच ओठ पोलादाला कापत जातो. त्या खाचेवर बोट ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. लेथवर नेऊन स्लीव्ह बसवली. आता मात्र मिटलं, असं घरी सांगूनही टाकलं.

पंधरा दिवसांनी उजवं चाक गळायला लागलं.

सगळे वैतागले. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा शंका आली. डावं पक्कं झालं म्हणून तेल उजवीकडं वळलं, म्हणजे त्याला आतून कोणीतरी ढकलत होतं. त्या दिवशी वाशीहून परत घाट चढून घरी आलो आणि गाडी गार होऊ न देता खाली शिरलो. डिफ्रन्शिअलचा तेल भरायचा नट, हाताला फडकं गुंडाळून, जरासा ढिला केला. फुस्स! आत कोंडलेली हवा बाहेर आली, तिच्याबरोबर तेलाचे शिंतोडे. तो आवाज मी विसरणार नाही.

हाउसिंगच्या वरच्या बाजूला बोराएवढी एक टोपी असते, ब्रीदर. चढाला तेल तापतं, हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. टोपी चोक झाली, तर हवा जिथून वाट मिळेल तिथून तेल घेऊन निघते. चाचपलं, तर टोपी हलेना. पासिंगच्या आधी चेसिसला काळा रंग मारून घेतला होता. रंग गुळगुळीत, चकचकीत, टोपीच्या कडेकडेनं एकसंध बसलेला. पैसे मीच दिले होते, आणि काम किती छान झालंय म्हणून वर चहाही पाजला होता.

ब्लेडनं रंग खरवडला, टोपी डिझेलमध्ये भिजवली, तारेनं भोक मोकळं केलं. बोटानं फिरवली तर टिकटिक फिरली. उजवं सील आणि लायनर बदलले. त्यानंतर घाट कितीदा उतरलो.

आता पासिंग आलं की रंगारी यायच्या आधी मी खाली सरपटतो आणि त्या टोपीला प्लास्टिक बांधतो, रंग वाळला की सोडतो. आबांना आता वाकवत नाही. पण गाडी दारात लागली की ते काठीच्या टोकानं पुठ्ठा सरकवतात, आधी डाव्या चाकाखाली, मग उजव्या, आणि पहाटे चहाच्या आधी तो बाहेर ओढून उजेडाला धरतात.